ग्रानाडाचा अल्हाम्ब्रा: जाण्याआधी आणि तिथे गेल्यावर पडणारे प्रश्न

ओळखीत कुणाचं स्पेनला जायचं ठरलं की आठवडाभरात मला फोन येतो. आधी तिकिटाचं विचारतात, मग जरा चाचरत, ‘तिथे खरंच एवढं बघण्यासारखं आहे का हो, की नुसती नक्षीच नक्षी?’ पहिल्या खेपेला मी स्वतः तिथल्या नस्री महालांतून, म्हणजे नस्र घराण्याच्या सुलतानांच्या राजवाड्यांतून, पाऊण तासात बाहेर पडले होते. फोनमध्ये तीनशेच्या वर फोटो आणि डोक्यात फक्त तिथल्या कारंज्याचे दगडी सिंह. दुसऱ्या खेपेला फोन पिशवीत टाकला आणि भिंतींसमोर रेंगाळत राहिले. खालची उत्तरं त्या दुसऱ्या खेपेची आहेत.

अल्हाम्ब्रा म्हणजे नेमकं काय? राजवाडा, किल्ला की बाग?

तिन्ही, आणि वर एक अख्खं गाव. दक्षिण स्पेनमधल्या ग्रानाडा शहरावर साबिका नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर तटबंदीच्या आत सुलतानांचे महाल, सैन्याचा बालेकिल्ला, हमाम, मशीद, कारागिरांची घरं असं सगळं नांदत होतं. बालेकिल्ल्याला अल्कासाबा म्हणतात. हा अरबी ‘अल-कसबा’. पुण्याच्या कसबा पेठेतला कसबा तोच. पलीकडच्या उतारावर सुलतानांची उन्हाळी वाडी आणि बागा आहेत. नकाशावर ते नाव वाचून आपली मंडळी ‘जनरलाइफ’ म्हणतात, तर तिथले लोक ‘हेनेरालीफे’. मुळात तो शब्द जन्नत अल-अरीफ, आणि जन्नत तर आपल्याला माहीतच आहे.

असे ओळखीचे शब्द पुढेही भेटत राहतील. मराठी माणसाला इथे वाटतं तेवढं परकं वाटायचं कारण नाही.

नावाचा अर्थ काय? आणि उच्चार?

अल-हमरा म्हणजे लाल, तांबडी. तटाच्या भिंती इथल्याच तांबूस मातीच्या, फळ्यांच्या साच्यात ठोकून घातलेल्या. संध्याकाळच्या उन्हात पाहिल्या की नावाची फोड करावी लागत नाही. स्पॅनिशमध्ये ह मुका असतो, त्यामुळे बसवाल्याला ‘अलांब्रा’ म्हणा. शहराच्या नावाचा, ग्रानाडाचा, स्पॅनिशमधला अर्थ डाळिंब. रस्त्यातल्या खांबांवर, फरशांवर, शहराच्या चिन्हावर सगळीकडे डाळिंब दिसेल. सांगोल्याच्या माणसाला भरून येईल.

कुणी बांधला आणि केव्हा?

टेकडीवर आधीची जुनी गढी होती. नस्र घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद (पहिला) याने १२३८ मध्ये इथे बस्तान बसवलं. पण आपण जे पाहायला जातो ते मुख्यतः १४व्या शतकातलं, बापलेकांचं काम आहे. बाप यूसुफ पहिला (१३३३ ते १३५४), त्याचा मुलगा मुहम्मद पाचवा. हा मुहम्मद १३५४ मध्ये गादीवर आला, १३५९ मध्ये त्याला हुसकावलं, १३६२ मध्ये तो परतला आणि मग १३९१ पर्यंत राज्य केलं. सिंहांचा महाल त्याच्या या दुसऱ्या डावातला.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे बांधकाम भरभराटीच्या साम्राज्याचं नाही. कोर्दोबा १२३६ मध्ये आणि सेव्हिल १२४८ मध्ये ख्रिस्ती राजांनी घेतलं होतं. ग्रानाडा हे उरलेलं एकटं मुसलमान राज्य, तेही शेजारच्या ख्रिस्ती कास्तीया राज्याला खंडणी भरून तगलेलं. सेव्हिलच्या वेढ्यात तर या घराण्याच्या संस्थापकाला मांडलिक म्हणून ख्रिस्ती राजाच्या बाजूने फौज घेऊन जावं लागलं होतं. २ जानेवारी १४९२ रोजी शेवटचा सुलतान मुहम्मद बारावा, ज्याला स्पॅनिश लोक बोआब्दील म्हणतात, त्याने किल्ल्या इसाबेल आणि फर्नांदो या ख्रिस्ती राणी-राजांच्या हाती दिल्या. त्याच वर्षी ३१ मार्चला याच अल्हाम्ब्रातून ज्यूंना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला.

तिकीट कसं काढायचं?

विमानाच्या तिकिटाआधी. खरंच. देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, तिथूनच काढा. सर्वसाधारण तिकीट २० युरोच्या आसपास असतं, त्यात नस्री महाल, अल्कासाबा आणि हेनेरालीफे तिन्ही येतात. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट सोबत हवा. तोच तुमचा ओळखीचा पुरावा.

आता मेख. तिकिटावर एक वेळ छापलेली असते. ती अल्हाम्ब्राच्या फाटकातून आत जायची नसते, ती नस्री महालांच्या दाराशी हजर राहायची असते. महालांत दर अर्ध्या तासाला ठरावीकच माणसं सोडतात आणि वेळ चुकली की चुकली. आमच्या सोबतच्या एका कुटुंबाने साडेदहाची वेळ वाचून साडेदहाला मुख्य फाटक गाठलं. तिथून महालांपर्यंत वीस मिनिटांची चाल. त्यात बागेत पहिला फोटो, मग दुसरा. दारावरची बाई अतिशय नम्रपणे नाही म्हणाली. त्यांनी उरलेला दिवस बाग पाहिली आणि एकमेकांशी बोलणं टाळलं.

जायचं कसं?

माद्रिदहून वेगवान रेल्वे थेट ग्रानाडाला येते, सव्वातीन-साडेतीन तास लागतात. मालागाहून बस आहे. शहरातून टेकडीवर लाल रंगाच्या छोट्या बसगाड्या जातात. पण गुडघे शाबूत असतील तर गोमेरेस नावाच्या चढावरून पायी जा. डाळिंबांची वेस ओलांडली की एकदम झाडी लागते, दोन्ही बाजूंना दगडी पन्हळातून पाणी खळखळत असतं, आणि शेवटी १३४८ मधला न्यायाचा दरवाजा येतो. त्याच्या बाहेरच्या कमानीच्या माथ्यावर पंजा कोरलेला आहे, आतल्या कमानीवर किल्ली. दोन्हींबद्दल गाइड लोक बऱ्याच गोष्टी रंगवतात, ऐकून घ्याव्यात.

किती वेळ ठेवावा?

अख्खा दिवस. निदान पाच तास. सकाळी साडेआठचा, पहिल्या अर्ध्या तासाचा प्रवेश मिळाला तर उत्तम. ऊन तिरपं असतं आणि गिलाव्यावरची नक्षी तिरप्या उन्हातच उठते. रात्रीचंही वेगळं तिकीट असतं. ते दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी, कारण रंग रात्री कळत नाहीत.

बाहेरून इतका साधा का? माझी तर निराशाच झाली.

सगळ्यांची होते. ताजमहाल लांबून दिसतो, आणि लांबून दिसावा म्हणूनच तो बांधला आहे. इथे उलटा हिशेब. बाहेर जाड, कोऱ्या भिंती. आतही सरळ रस्ता नाही: दारातून शिरलं की बोळ वळतो, अंधारतो, पुन्हा वळतो, आणि मग अचानक उघडं आभाळ आणि हौद. आपल्या जुन्या वाड्यांना ही रीत नवी नाही. रस्त्याकडे पाठ, चौकाकडे तोंड.

एक अपवाद नस्री महालांपैकी कोमारेस महालाची दर्शनी भिंत. पण तीही रस्त्यावर नाही, आतल्या एका लहान चौकात आहे. १३७० मध्ये, आदल्या वर्षी अल्हेसिरास हे बंदर जिंकल्याच्या आनंदात मुहम्मद पाचव्याने ती उभारली. तिच्यात अगदी सारखी दिसणारी दोन दारं आहेत. आत जायचं डावीकडून. पाहुण्याला क्षणभर कळू नये कुठून जायचं, हा राजेशाही खोडसाळपणा मला आवडतो.

सगळीकडे नक्षी, डोकं गरगरतं. पाहायचं कसं?

एकच भिंत निवडा आणि खालून वर वाचा.

सगळ्यात खाली, कमरेच्या थोडं वरपर्यंत, रंगीत काशीकाम. हे चितारलेल्या फरशांचं नाही. प्रत्येक रंगाची फरशी वेगळी भाजायची आणि मग हातोडी-छिन्नीने तिचे तारे, पट्ट्या, चोची असलेले तुकडे पाडायचे. हिरवा, निळा, काळा, मधासारखा पिवळा, आणि मध्ये पांढरा. ते तुकडे एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात की सांध्यात नख जात नाही. या कामाचं स्पॅनिश नाव ‘अलिकातादो’, ते अरबीतल्या ‘कापणे’ या क्रियापदावरून आलं. माणसं भिंतीला टेकतात, हात लावतात, पाणी सांडतं, तेवढ्या उंचीला हे टणक काम.

त्यावर गिलाव्याचा पट्टा. इथे तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि त्या सोडवून पाहण्यातच मजा आहे. एक, शंकरपाळ्यांसारख्या चौकटींची जाळी. दोन, त्या जाळीत उगवलेली पानं, कळ्या, देठ. तीन, अक्षरं. अक्षरं आधी दिसतच नाहीत, वेलबुट्टी वाटतात. एकदा एक उभा दांडा ‘अलिफ’ म्हणून ओळखता आला की अख्खी भिंत बोलायला लागते.

सगळ्यात वर लाकूड. कोमारेस मनोऱ्यातल्या राजदूतांच्या दालनात मान वर करा. ८,०१७ लाकडी तुकडे जोडून ताऱ्यांच्या सात पायऱ्या चढवल्या आहेत. इस्लामी कल्पनेतली सात आसमानं ती हीच. छताच्या बुडाशी कुराणातली ‘अल-मुल्क’ ही सुरा (म्हणजे अध्याय) कोरलेली आहे आणि तिच्यात सात आसमानांचा उल्लेख येतो. म्हणजे छत काय सांगतंय हे छताखालीच लिहून ठेवलंय. त्या दालनात सुलतान खिडकीकडे पाठ करून बसायचा. भेटायला आलेल्या राजदूताला त्याचा चेहरा नीट दिसू नये, सुलतानाला मात्र समोरच्याचा दिसावा.

आणखी एक, जे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं. ही दालनं जमिनीवर, गाद्यागिरद्यांवर बसणाऱ्या माणसांसाठी आहेत. खिडक्यांचे उंबरे इतके खाली आहेत की उभ्या माणसाला ते चुकीचे वाटतात. जमेल तिथे वाका, डोळे बैठकीच्या उंचीला आणा. चौकटीतला देखावा तेव्हा बरोबर बसतो.

हे सगळं संगमरवरात कोरलेलं आहे ना?

नाही, आणि सांगितलं की लोक जरा खट्टू होतात. खांब संगमरवरी आहेत, आल्मेरिया प्रांतातल्या माकाएलच्या खाणींतले. सिंहही संगमरवरी. पण भिंतींवर जी लेस विणल्यासारखी नक्षी दिसते ती जिप्समच्या गिलाव्याची. तुमच्या फ्लॅटच्या खोट्या छताला जे पीओपी लावतात त्याच्याच कुळातलं. काही ठिकाणी ओल्या थरावर हाताने कोरलं, पुष्कळ ठिकाणी साच्यातून पाडून बसवलं, आणि मग रंगवलं. लाल, लाजवर्दी निळा, सोनेरी. नक्षीच्या खोल कपारीत डोकावलं तर निळ्याचे अवशेष अजून सापडतात. आज दिसणारा तो सात्त्विक, फिकट पिवळसर रंग काळाने आणलेला आहे. मूळ महाल चांगलाच भडक असणार.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात खालच्या भागाला आणि घुमटाला संगमरवर, बाकी गिलावा. तिथल्या गिलाव्याला ‘गरिबांचा ताज’ म्हणून नाक मुरडतात, जे मला कधीच पटलेलं नाही. अल्हाम्ब्रा पाहून आल्यावर मकबऱ्याच्या भिंती पुन्हा एकदा जवळून पाहाव्यात.

भिंतींवर लिहिलंय ते सगळं कुराणातलं का?

थोडंच. सगळ्यात जास्त वेळा येतं ते घराण्याचं ब्रीद: ‘वा ला गालिब इल्ला अल्लाह’, अल्लाशिवाय कुणी विजयी नाही. गालिब म्हणजे विजयी. मिर्झासाहेबांमुळे हा शब्द तुमच्या ओठांवर आहेच, आता तो भिंतीवर शोधा. शेकडो वेळा सापडेल, कधी गोलाकार अक्षरांत, कधी कोनाकोनांच्या कूफी वळणात. दंतकथा अशी की पहिला सुलतान सेव्हिलच्या मोहिमेवरून परतला तेव्हा लोक ‘गालिब, गालिब’ असं ओरडू लागले आणि त्याने हे उत्तर दिलं. ज्याने नुकतीच आपल्याच धर्माच्या शहराविरुद्ध फौज पुरवली होती, त्याच्या तोंडी हे वाक्य किती कडू लागलं असेल! कथा खरी नसली तरी जमलेली आहे.

त्यानंतर ‘बरकत’. कोमारेसच्या राजदूतांच्या दालनाआधी एक लांबट खोली लागते, ‘साला दे ला बार्का’. स्पॅनिशमध्ये बार्का म्हणजे होडी, आणि छतही उलट्या होडीसारखंच आहे. पण नाव पडलं ते बहुधा भिंतीवर पुन्हा पुन्हा लिहिलेल्या ‘बरका’वरून. आपली दुकानातली बरकत.

आणि मग कविता. हा या जागेचा खरा ऐवज. इब्न अल-जय्याब, इब्न अल-खतीब आणि इब्न झमरक हे तिघे दरबारातले वजनदार कारभारी होते, तिघेही कवी, आणि त्यांच्या ओळी या भिंतींवर कोरलेल्या आहेत. गंमत म्हणजे कवितांमध्ये बोलते ती वास्तू, स्वतःबद्दल, प्रथमपुरुषी. दोन बहिणींच्या दालनात भिंत सांगते की मी बाग आहे, माझं रूप बघ. दाराच्या कडेला पाण्याचे माठ ठेवायचे कोनाडे असत. त्यातला एक आपल्यातल्या माठाची तुलना नमाजाला उभ्या माणसाशी करतो. सिंहांच्या कारंज्याच्या थाळीवर इब्न झमरकच्या बारा ओळी आहेत. त्यांतली कल्पना अशी की वाहतं पाणी आणि घडवलेला दगड इतके सारखे दिसतात की दोघांतलं कोण वाहतंय ते कळेना. ती वाचून मग कारंज्याकडे पाहा. आधी पाहिलं असेल त्यापेक्षा वेगळं दिसतं, एवढी खात्री देते.

ते मधाच्या पोळ्यासारखं छत पडत कसं नाही?

त्याला मुकर्नस म्हणतात. दोन बहिणींच्या दालनावरचं सर्वांत नावाजलेलं. त्यात पाच हजारांहून अधिक कप्पे आहेत. ते छत भार पेलत नाही, वरच्या लाकडी छपराखाली बसवलेला तो गिलाव्याचा साज आहे. कप्प्यांचे मूळ आकार मोजकेच, त्यांची जुळणी बदलत बदलत चौकोनी खोलीचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनाचा तारा. घुमटाच्या बुडाशी १६ खिडक्या आहेत. सूर्य सरकतो तसा उजेड कप्प्याकप्प्यांतून फिरतो आणि घुमट हळूच वळल्याचा भास होतो. त्यासाठी दहा मिनिटं एका जागी उभं राहावं लागतं. मागून ढकलणारे येतील, त्यांना जाऊ द्या.

दोन बहिणी कोण? कुणीच नाही. जमिनीत बसवलेल्या दोन मोठ्या सारख्या संगमरवरी लाद्या.

इथल्या नक्षीत गणितातले सगळे सतरा प्रकार सापडतात हे खरं का?

एक नमुना सपाट जागेवर पुन्हा पुन्हा मांडायच्या मूलतः वेगळ्या रीती सतराच आहेत, ही गणितातली सिद्ध गोष्ट. ते सतराच्या सतरा अल्हाम्ब्रात आहेत का यावर मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. रंग धरायचा की नुसता आकार, तुटका तुकडा मोजायचा की नाही, यावर उत्तर बदलतं. मला वाद सोडवण्यापेक्षा शोधण्यात रस आहे. मुलं बरोबर असतील तर त्यांना कागदी पक्ष्यासारखा दिसणारा तिकोनी भोवरा आणि हाडासारखा तुकडा शोधायला लावा. डच चित्रकार एशर इथे १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये आला, दुसऱ्या खेपेला पत्नीसह बसून या फरशांच्या नकला काढल्या. एकमेकांत अडकलेले पक्षी आणि मासे त्याच्या चित्रांत पुढे जे दिसतात, त्यांचं बी इथलं.

इस्लाममध्ये सजीवांची चित्रं वर्ज्य ना? मग सिंह कसे?

मशिदीत वर्ज्य. राजवाड्यात हा नियम सगळीकडे आणि सदैव पाळला गेला असं इतिहास सांगत नाही. इथे बारा सिंह आहेत, आणि निरखून पाहा, बाराही थोडे थोडे वेगळे आहेत. त्यांच्याच चौकातल्या राजांच्या दालनात छतावर चक्क माणसांची चित्रं आहेत, चामड्यावर रंगवलेली. मधल्या चित्रात पगडीवाले दहा पुरुष बसलेत, बाजूच्या दोन्हींत शिकार, सरदार, बायका आणि बुद्धिबळाचा डाव. शैली बरीचशी ख्रिस्ती युरोपातली. सरहद्दीवरच्या राज्यात कारागीरही इकडून तिकडे जात असणार.

अबेन्सेराहे दालनातल्या हौदातले डाग रक्ताचे आहेत का?

गंजाचे. अबेन्सेराहे नावाच्या घराण्यातल्या सरदारांची इथे कत्तल झाल्याची गोष्ट सांगतात. तुम्ही हौदाकडे बघत बसाल आणि वरचा आठ टोकांच्या ताऱ्याचा घुमट राहून जाईल, एवढंच नुकसान.

टेकडीवर एवढं पाणी येतं कुठून?

दार्रो नदीतून, सुमारे सहा किलोमीटरच्या शाही पाटाने. नदी खाली दरीत आहे, म्हणून पाणी वरच्या अंगाला, टेकडीच्या उंचीवरच अडवलं आणि उतार राखत डोंगरकडेने आणलं. पंप नाही, काही नाही. हे पाणी आधी हेनेरालीफेत जातं, मग महालांत. हेनेरालीफेच्या चौकात लांब पाटावर जी पाण्याची कमान उडते आणि जिचा फोटो प्रत्येकाकडे असतो, ती कारंजी पुष्कळ नंतरची. नस्री काळात पाणी उडवत नसत, निवांत ठेवत. मर्टलच्या चौकात ते कळतं: हौदाच्या दोन्ही काठांना मेंदीच्या कुंपणासारखी कातरलेली झुडपं, आणि पाण्यात ४५ मीटरचा कोमारेस मनोरा उलटा उभा. हौदाच्या टोकाला पाणी बशीसारख्या खोलगट दगडातून आत शिरतं, म्हणजे लाट उठून प्रतिबिंब मोडू नये.

हेनेरालीफेत अगदी वर पाण्याचा जिना आहे. त्याच्या कठड्यांवरूनच पाणी वाहतं. हात ठेवून उतरा. उन्हाळ्यात यासारखं सुख नाही.

आपण पाहतो त्यातलं मूळ किती?

रास्त प्रश्न, आणि उत्तर दालनागणिक वेगळं. १५९० मध्ये जवळच्या बंदुकीच्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि सिंहांच्या महालात शिरतानाच्या दालनाचं छत गेलं. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने निघताना अनेक बुरूज उडवले. मधल्या काळात इथे भटके, सैनिक, कैदी राहिले. १८२९ मध्ये अमेरिकी लेखक वॉशिंग्टन आयर्व्हिंग इथे मुक्कामाला होता. त्याच्या लेखनानंतर युरोपभरचे प्रवासी येऊ लागले आणि मग दुरुस्तीची टूम निघाली. ती दुरुस्ती कधी कधी पडझडीपेक्षा वाईट होती. १८५९ मध्ये राफाएल कोन्त्रेरास याने सिंहांच्या चौकातल्या एका मंडपावर रंगीत कौलांचा घुमट चढवला, का, तर पौर्वात्य दिसावं म्हणून. १९३४ मध्ये वास्तुकार तोर्रेस बाल्बास याने तो उतरवून साधं उतरतं छप्पर घातलं, तेव्हा गावात आरडाओरडा झाला. आज आपण त्याचे आभार मानतो.

बार्का दालनाचं छत १८९० च्या आगीत जळलं, आत्ताचं विसाव्या शतकातलं. सिंह एकेक करून उतरवून, धुऊन, दुरुस्त करून २०१२ मध्ये परत बसले आणि त्यांच्या चौकातली पांढरी फरसबंदीही त्याच वर्षीची. चौकातले १२४ सडपातळ खांब मात्र सहा शतकं तसेच तग धरून आहेत. खांब आणि त्यावरची बैठक यांच्या मध्ये शिशाचा पत्रा घातलेला आहे, भूकंपात सांधा तडकू नये म्हणून. वाकून पाहिलं तर राखाडी कड दिसते.

मध्येच तो दगडी ठोकळा काय आहे?

पाचवा चार्ल्स या स्पेनच्या ख्रिस्ती राजाचा महाल. १५२७ पासून पेद्रो माचुकाने बांधायला घेतला, बाहेरून चौकोन, आत गोल चौक, आणि छप्पर पडायला विसावं शतक उजाडलं. हरलेल्याच्या छातीवर रोवलेला झेंडा म्हणून त्याचा राग करणं सोपं आहे, मीही केला. पण त्या गोल चौकात मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा, आणि तळमजल्यावरच्या संग्रहालयात अल्हाम्ब्रातली उंच नक्षीदार रांजणं पाहा, हरणांची चित्रं असलेली. तेवढ्यापुरता राग बाजूला ठेवता येतो.

फोटो काढू देतात का?

हो. फ्लॅश आणि तिपाई चालत नाही, पाठपिशवी पुढे लटकवायची, मोठी असेल तर बाहेर ठेवायची. भिंतीला हात लावू नका. शेजारचा लावताना दिसला तर मराठीत दटावा, कळतं.

आईवडील सत्तरीचे आहेत, जमेल का? मुलांचं काय?

चाल तीन-चार किलोमीटरची होते, गोट्यांची फरसबंदी आणि मधूनमधून पायऱ्या. बसने वर जा, महाल आधी, मग चहा-कॉफी, मग हेनेरालीफे. अल्कासाबाचा वेला बुरूज त्यांनी सोडला तरी चालेल. (त्यावरची घंटा २ जानेवारीला वाजवतात. त्या दिवशी घंटा वाजवणाऱ्या मुलीचं वर्षभरात लग्न जमतं म्हणे. आईला हे सांगू नका.) बारा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, तरी त्यांच्या नावाचं तिकीट काढावंच लागतं. जुलै-ऑगस्टात पारा चाळिशीला टेकतो, टोपी आणि पाण्याची बाटली हवी.

शाकाहारी खायला मिळतं का?

टेकडीवर फारसं नाही, शहरात मिळतं. ‘बेरेन्हेनास कोन मिएल’ मागा: कुरकुरीत तळलेले वांग्याचे काप, वर उसाची काकवी. मेनूवर मध असं लिहिलेलं असलं तरी ती बहुतेकदा काकवीच असते, चवीने लगेच ओळखाल. थंड टोमॅटो सारावर मात्र हॅमचे तुकडे भुरभुरलेले असतात, आधीच ‘सिन हामोन’ म्हणायचं. दुपारचं जेवण दोनच्या आधी कुणी वाढत नाही.

तिकीट मिळालंच नाही तर?

आधी महाल वगळून बाग आणि अल्कासाबाचं तिकीट मिळतंय का पाहा. तेही नसेल तर न्यायाचा दरवाजा, पाचव्या चार्ल्सचा महाल आणि तटाच्या आतली गल्ली यांना तिकीट लागत नाही. खाली शहरात यूसुफ पहिल्याने १३४९ मध्ये बांधलेला मदरसा आहे. त्याच्या नमाजाच्या खोलीत तसाच गिलावा, तसंच मुकर्नस, आणि अनेकदा आत तुम्ही एकटेच. तिथेच महिरप दिसेल. आपला तो शब्द मूळचा नमाजाची दिशा दाखवणाऱ्या या कोनाड्याचा, मिहराबाचा. कोर्राल देल कार्बोन ही जुनी सराई पाच मिनिटांवर आहे, तिच्या दाराच्या कमानीखाली थांबून वर बघायला विसरू नका. संध्याकाळी आल्बाइसिन मोहल्ल्यातल्या सान निकोलासच्या चौकात गर्दी असतेच. तासभर आधी जाऊन कठड्यावर जागा धरा. तिथून अख्खा अल्हाम्ब्रा समोर दिसतो, मागे सिएरा नेवादा, आणि मे महिन्यातही वर बर्फ असू शकतं.